तालमीतला हरवलेला मधला तास

चैत्र लागला की दिंडोरी तालुक्यात दोन कामांची एकदम घाई उडते. द्राक्षांची शेवटची तोडणी उरकून बागांची खरड छाटणी सुरू होते आणि त्याच सुमारास गावोगावच्या यात्रांतून कुस्त्यांच्या दंगली भरू लागतात. दिवसभर बागेत राबलेली पोरे सायंकाळी हातपाय धुऊन मैदानाकडे धावतात. नारळाच्या कुस्त्यांपासून शेवटच्या मानाच्या कुस्तीपर्यंत माणसे धुळीत बसून राहतात. प्रस्तुत लेखक या मैदानांचा जुना प्रेक्षक आहे. स्वतः आखाड्यात नाव काढण्याइतकी मजल कधी गेली नाही. परंतु मास्तरकीच्या काळात तालमीत जाणारी पुष्कळ मुले हाताखालून गेली, आणि त्यांच्या निमित्ताने तालमीचा उंबरठा वारंवार ओलांडावा लागला.

गेल्या वर्षी तालुक्यातील एका यात्रेत पाहिलेली एक कुस्ती अजून मनातून जात नाही. दोघेही मुलगे सोळा-सतरा वर्षांचे, वजनाने तोलास तोल. एक शहरातल्या मॅटवर शिकणारा, दुसरा जवळच्याच गावच्या मातीतला. सलामी झाली, थोडी खडाखडी झाली आणि शहरातल्या मुलाने विजेच्या वेगाने खाली बसून असा देखणा एकेरी पट काढला की कडेच्या जुन्या पैलवानांच्या तोंडून आपसूक ‘वाहवा’ निघाली. पण गावच्या मुलाने पाय मागे फेकून अंगाचा सगळा भार त्याच्या पाठीवर टाकला, आणि तिथेच त्या देखण्या डावाचा श्वास कोंडला. पुढे काय करायचे हे त्या मुलाला ठाऊकच नव्हते. हातात आलेला पाय धरून तो तसाच गुडघ्यांवर थिजून राहिला. गावच्या मुलाने मागे फिरून पाठीवर कब्जा घेतला. आता खालच्याला उलटवायचे कसे, हे मात्र यालाही ठाऊक नव्हते. त्याने जोर लावला, मान दाबली, पुन्हा जोर लावला. पाच-सहा मिनिटे हा प्रकार चालला. अखेर पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. दोघांनाही टाळ्या मिळाल्या आणि दोघेही मान खाली घालून गेले.

माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ म्हणाले, ‘‘एकाला नुसता डाव येतो, दुसऱ्याला नुसता जोर. दोघांचा मिळून एक पैलवान झाला असता.’’ बोलणे विनोदाचे होते, परंतु आपल्या तालमींच्या आजच्या स्थितीवर त्याहून नेमके भाष्य मला सुचत नाही.

कुस्तीच्या सरावाला दोन अंगे असतात, हे जाणत्यांना सांगण्याची आवश्यकता नाही. पण ज्यांनी लंगोट बांधलेला नाही अशा वाचकांसाठी थोडा खुलासा करतो. एक अंग म्हणजे डाव घोटणे. जोडीदार उभा राहतो, फारसा विरोध करीत नाही, आणि शिकणारा तोच डाव पुन्हा पुन्हा मारतो. पाऊल कुठे पडावे, हात कुठल्या अंगाने शिरावा, कंबर केव्हा वळावी, हे त्यातून अंगात मुरते. दुसरे अंग म्हणजे लढत. येथे जोडीदार पडायला तयार नसतो. उलट तोच तुम्हाला पाडायला टपलेला असतो. डाव घोटण्याने हात तयार होतो, लढतीने डोळा तयार होतो, असे ढोबळमानाने म्हणता येईल. वाद आहे तो या दोहोंच्या प्रमाणाचा, आणि तो आजचा नाही.

लढतीचे कैवारी म्हणतात की पोहणे काठावर बसून येत नाही. जो डाव विरोध करणाऱ्या माणसावर लागत नाही तो डावच नव्हे. यात तथ्य आहे. घोटताना जोडीदार नेमक्या जागी उभा असतो, त्याचा तोल आधीच सुटलेला असतो, त्याचा पाय हाताला येईल असाच असतो. प्रत्यक्षात ती स्थिती निमिषमात्र येते आणि जाते. ती ओळखणे हीच अर्धी विद्या. वर्षभर नुसते ढाक आणि धोबीपछाड घोटलेल्या मुलाला ते निमिष दिसतच नाही. त्याच्यापाशी उत्तर तयार असते, परंतु प्रश्न कोणता आला आहे हे त्याला कळत नाही. परीक्षेत असे विद्यार्थी आपण सर्वांनी पाहिले आहेत.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही खोटे नाही. रोज अंग मोडेस्तोवर लढणारा मुलगा नवे काही शिकत नाही. लढतीत हार कोणालाच नको असते, म्हणून प्रत्येक जण आपल्याला आधीपासून येणारा एखाद-दुसरा डावच वापरतो. डावखुरा आयुष्यभर डावाच राहतो, आडदांड मुलगा रेटारेटीच करीत राहतो. लहान चणीचा मुलगा तर फक्त न पडण्याची विद्या शिकतो: पोटावर पालथे पडून राहायचे आणि वेळ काढायची. त्यात कान फुटतात, खांदे उतरतात, गुडघे जातात. त्याच यात्रेत तिसऱ्या की चौथ्या कुस्तीला एका मुलाचा गुडघा फिरला. त्याला दोघांनी उचलून नेले आणि हलगी पुन्हा वाजू लागली. अशा मुलांचे पुढे काय होते, याची नोंद कोणत्याही मंडळाच्या वहीत नसते. शिक्षकाला ते माहीत असते, कारण तो मुलगा पुढे वर्षभर वर्गाच्या शेवटच्या बाकावर पाय लांब करून बसलेला दिसतो.

या वादाला आपल्या परिसराने एके काळी दिलेले उत्तर फार बोधप्रद आहे. दिंडोरीहून कळवणच्या रस्त्याला लागले की वणी येते आणि वणीपलीकडे सप्तशृंगीचा गड उभा राहतो. मल्लखांबाच्या पुनरुज्जीवनाची कथा या गडाशी जोडलेली आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात हैदराबादेकडून अली आणि गुलाब नावाचे दोन मल्ल पुण्यास आले आणि त्यांनी आव्हान दिले. ते स्वीकारले बाळंभटदादा देवधर यांनी. हे मूळचे याच नाशिक जिल्ह्यातील कोठुऱ्याचे. आव्हान स्वीकारून ते सप्तशृंगीच्या पायाशी गेले, तेथे त्यांनी उपासना केली, आणि वानरांच्या लीला पाहून म्हणा वा स्वप्नातील मारुतीच्या दृष्टान्ताने म्हणा, लाकडी खांबावर कुस्तीची तयारी करण्याची विद्या त्यांना सापडली. पुण्यास परतून त्यांनी अलीला चीत केले आणि गुलाबने माघार घेतली, अशी परंपरा सांगते. खांबावरचा व्यायाम त्यापूर्वी अज्ञात होता असे नव्हे. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लांच्या व्यायामांबरोबर स्तंभावरच्या श्रमाचाही विचार आलेला आहे. बाळंभटदादांनी लुप्तप्राय झालेल्या त्या विद्येला नवे रूप दिले.

कथेतला चमत्काराचा भाग ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. माझे लक्ष वेधते ते दुसऱ्याच गोष्टीने. मल्लखांब म्हणजे पूर्णपणे निरुपद्रवी जोडीदार. तो कधी दमत नाही, कधी चिडत नाही, कधी उलटा डाव टाकीत नाही. त्याच्या मानेला हाताची कैची घाला, कमरेला पायाची आढी मारा, शंभरदा मारा. डाव घोटण्याची इतकी शुद्ध अवस्था जगाच्या कुस्तीत अन्यत्र क्वचितच आढळेल. आणि तरीही बाळंभटदादांची ख्याती खांबावर उभी राहिलेली नाही. ती अलीच्या पाठीला माती लागल्यावर उभी राहिली. खांब हे साधन होते, समोरचा मल्ल हे प्रयोजन होते, आणि या दोहोंतील अंतर किती याची जाण त्या माणसाला असली पाहिजे.

पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. मल्लखांब कुस्तीपासून हळूहळू सुटला आणि स्वतंत्र क्रीडाप्रकार झाला. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने तो बर्लिनमध्ये जगापुढे सादर केला, आणि २०१९ मध्ये मुंबईत त्याची जागतिक स्पर्धा भरली. त्याचा अभिमान वाटावा तितका थोडा. पण कुस्तीच्या दृष्टीने पाहिले तर घोटण्याचे साधन लढतीपासून तुटले की त्याचे काय होते, याचा हा नमुना आहे. ते सुंदर होते, अवघड होते, गुण देण्याजोगे होते, आणि कुस्ती राहत नाही. आज मॅटवर चालणाऱ्या काही वर्गांतून डावांची जी नेटकी कवाईत दिसते, ती पाहताना मला ही भीती वाटते. पालक कौतुकाने चित्रफिती काढतात, मुले एका तालात पट काढतात, आणि पहिल्याच स्पर्धेत कोणीतरी पाय मागे फेकतो.

जपानमध्ये हा प्रश्न एका शिक्षकानेच हाताळला. जिगोरो कानो हे व्यवसायाने शिक्षणतज्ज्ञ. पुढे टोकियोच्या अध्यापक महाविद्यालयाचे ते प्रमुख झाले. १८८२ साली त्यांनी कोदोकान ही ज्युदोची शाळा काढली. जुन्या जुजुत्सूच्या अनेक शाळांतून त्या वेळी ठरावीक डावांची ठरावीक क्रमाने आवृत्ती करण्यावर भर असे, कारण त्यातले कितीतरी डाव जोरात लावले तर जोडीदाराचा हात मोडे. कानोंनी दोन गोष्टी केल्या. ठरावीक आवृत्तीला त्यांनी ‘काता’ म्हणून जपले, आणि जे डाव पूर्ण ताकदीने लावूनही जोडीदार सहीसलामत उठेल तेवढेच मोकळ्या लढतीसाठी, म्हणजे ‘रांदोरी’साठी, ठेवले. काता म्हणजे भाषेचे व्याकरण आणि रांदोरी म्हणजे निबंधलेखन, अशा आशयाची तुलना ते करीत. शिक्षकाला ही उपमा तत्काळ पटेल. केवळ व्याकरण घोकलेला विद्यार्थी पानभर मजकूर लिहू शकत नाही, आणि व्याकरणाशिवाय रोज निबंध लिहिणारा तीच चूक रोज नव्याने पक्की करतो.

आधुनिक मानसशास्त्राची साक्षही येथे काढता येते. १९७९ मध्ये अमेरिकेत शी आणि मॉर्गन या दोन संशोधकांनी हाताच्या साध्या हालचालींचा एक प्रयोग केला. एका गटाने प्रत्येक हालचाल स्वतंत्रपणे, एक पुरी घोटून झाल्यावर दुसरी, अशी शिकली. दुसऱ्या गटाने त्याच हालचाली उलटसुलट मिसळून शिकल्या. सराव चालू असताना पहिला गट सरस दिसला. दहा दिवसांनी परीक्षा घेतली तेव्हा दुसरा गट पुढे होता. तालमीच्या दृष्टीने याचा अर्थ गंभीर आहे: सरावाच्या वेळी जे नीटनेटके दिसते ते टिकतेच असे नाही, आणि शिकवणाऱ्याच्या डोळ्याला सुखावणारा सराव शिकणाऱ्याला फसवू शकतो. अर्थात लाकडी अडथळे हाताने पाडणे आणि जिवंत माणसाला पाडणे यांत पुष्कळ अंतर आहे. प्रयोगशाळेतून आखाड्यात येताना ते विसरू नये.

जुन्या वस्तादांचे एक उत्तर यावर ठरलेले असते: ‘‘आमच्या वेळी कसले घोटणे आणि कसले शास्त्र! रोज पहाटे लढलो आणि पैलवान झालो.’’ हे मी अनेकदा ऐकले आहे, आणि सांगणाऱ्यांच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही. पण ते स्वतःच्याच तालमीतली एक गोष्ट सांगायला विसरतात, कारण ती त्यांना हवेसारखी सहज मिळालेली होती. त्या तालमीत लहानमोठे बरेच पैलवान एकत्र असत. लहान मुलगा मोठ्याशी लढे तेव्हा मोठा त्याला पाडून मोकळा होत नसे. तो त्याला खेळवीत असे. मुलाने डाव चुकीच्या वेळी टाकला तर तो नुसते अंग घट्ट करी. डाव वेळेवर पण वाकडा टाकला तर अर्ध्यावर सोडून पुन्हा मारायला लावी. आणि वेळ व हात दोन्ही साधले तर चक्क पडून देई. वस्ताद कडेला बसून मधूनच एखादा शब्द टाकी. हे घोटणेही नव्हते आणि लढतही नव्हती. दोहोंच्या मधली ही पायरी होती, आणि माझ्या मते पैलवान घडत होता तो या पायरीवर.

आपल्या खेड्यांतील तालमींतून नेमकी हीच पायरी निखळली आहे. कारणे उघड आहेत. ज्याच्या अंगात थोडी चमक दिसते तो सोळा-सतराव्या वर्षी कोल्हापूर, पुणे किंवा नाशिक गाठतो. त्यात त्याचे काही चुकत नाही. गावात राहून त्याला पुढची जोड मिळणार नसते. काही सैन्यात व पोलिसांत भरती होतात. मागे राहतात ती दहा-बारा वर्षांची पोरे आणि ज्यांचे गुडघे आता वाकत नाहीत असे वृद्ध. खेळवणारा वीस-पंचवीस वर्षांचा थोरला भाऊ तालमीत उरलेलाच नाही. वृद्ध वस्ताद तोंडाने डाव सांगू शकतो, अंगाने दाखवू शकत नाही. मग पोरे आपापसात झोंबतात, आणि त्याला आपण सराव म्हणतो. दिंडोरीच्या पश्चिमेच्या आदिवासी पाड्यांतून काटक, चपळ मुले येतात. त्यांच्या वाट्याला तर हेही येत नाही, कारण सायंकाळी तालमीत यायचे तर रात्री परत जायला गाडी नसते.

एकच एक जोडीदार असला की आणखी एक घोटाळा होतो. वर्षानुवर्षे त्याच दोघांची लढत होत राहिली तर ती लढत उरत नाही. दोघांनी मिळून पाठ केलेला तो एक लांबलचक डाव होतो. याचे थोर पातळीवरचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. जानेवारी २०२० मध्ये पुण्याच्या बालेवाडीत महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती झाली ती नाशिकच्या हर्षवर्धन सदगीर आणि लातूरच्या शैलेश शेळके यांच्यात. सदगीरने भगूरच्या आखाड्यातून सुरुवात केली होती, आणि त्या वेळी दोघेही पुण्यात काका पवार यांच्याकडे एकाच छपराखाली सराव करणारे मित्र होते. परस्परांचे सगळे डाव परस्परांना पाठ. कुस्ती ३-२ अशी एका गुणाने सुटली, आणि जिंकलेल्याने हरलेल्याला खांद्यावर उचलून मैदान फिरवले. तो प्रसंग हृद्य होता. पण त्यातला तांत्रिक धडा हा की ओळखीच्या अंगावर डाव लागणे दुरापास्त होते, म्हणून मल्लाला अनोळखी अंगे मिळाली पाहिजेत. मोठ्या संकुलात ती मिळतात. गावच्या तालमीत दोन मुले एकमेकांनाच ओळखत मोठी होतात.

येथे मॅट आणि माती यांचा वाद काढून विषय भलतीकडे नेण्याची आपल्याकडे सवय आहे. खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला गेले तेव्हा मातीत वाढलेल्या त्या मल्लाला मॅट परकी होती. तरी ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत ५७ किलो गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. त्याच गटाचे सुवर्णपदक जपानच्या शोहाची इशी याला मिळाले. हा इशी मूळचा ज्युदोपटू, म्हणजे कानोंच्या काता-रांदोरीच्या परंपरेत तयार झालेला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. १९५२ नंतर महाराष्ट्राच्या एकाही मल्लाला ऑलिंपिक पदक मिळालेले नाही. राहुल आवारेने २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवले, तेही ऑलिंपिकमध्ये नसलेल्या ६१ किलो गटात. ५७ किलोचे पदक भारताला पुन्हा मिळाले ते २०२० च्या टोकियो स्पर्धेत, जी २०२१ मध्ये झाली, रवी दहियाकडून, आणि २०२४ मध्ये पॅरिसला अमन सेहरावतकडून. दोघेही हरियाणाचे आणि दोघेही दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियमच्या आखाड्यातले. महाराष्ट्राच्या पिछाडीची कारणे अनेक आहेत आणि ती सारी सरावाच्या पद्धतीत शोधणे भाबडेपणाचे होईल. तथापि छत्रसालमध्ये एकाच वजनाचे अनेक मल्ल, त्यांत काही पुढे गेलेले, काही नुकते आलेले, एकाच वेळी अंग घामाने भिजवीत असतात, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. मॅट विकत आणता येते. असा जमाव विकत आणता येत नाही.

माती-मॅटच्या वादात खरा मुद्दा वेळेचा आहे, तो फार थोडे जण मांडतात. मातीत कुस्ती अर्धा तास चाले, प्रसंगी त्याहूनही अधिक. मॅटवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती, आणि मैदानाबाहेर ढकलले गेले तरी गुण जातो. अर्धा तास लढण्याची सवय झालेला मल्ल पहिली दोन मिनिटे खडाखडीत घालवतो आणि तेवढ्यात कुस्ती हातची जाते. म्हणजे लढतीचा सरावसुद्धा ज्या लढतीला जायचे तिच्या मापाचा हवा. यात्रेसाठी एक आणि जिल्हा स्पर्धेसाठी दुसरा, असा भेद वस्तादाला करावा लागेल.

मुलींचा प्रश्न तर याहून बिकट आहे. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडीने तो मान मिळवला. त्यानंतर खेड्यापाड्यांतून मुली तालमीत येऊ लागल्या असतील तर त्यांना वजनाची आणि वयाची जोड कोठून द्यायची? एखादीच मुलगी असेल तर तिच्या वाट्याला नुसते घोटणे येते. ती महिनोन्महिने खांबाशी कुस्ती खेळते म्हणा ना. मग पहिल्या स्पर्धेत ती हरली की घरचे म्हणतात, ‘‘पाहिलेस? हे मुलींचे काम नव्हे.’’ ज्या दोषाचे खापर तिच्या मुलगी असण्यावर फुटते, तो दोष जोडीदार नसण्याचा असतो.

यावर उपाय काय? शासनाने काय करावे याच्या याद्या पुष्कळ झाल्या आहेत, त्यांत भर घालण्याची मला इच्छा नाही. तालुक्याच्या पातळीवर, फारसा पैसा न लागता, करण्याजोगे काही सांगतो. सायंकाळच्या दोन तासांपैकी पाऊण तास डाव घोटावेत, पण एकच डाव शंभर वेळा नव्हे. तीन डाव मिसळून, आणि प्रत्येकाची तोड त्याबरोबरच. शेवटचा अर्धा तास मोकळ्या लढतीला ठेवावा, तोही रोज नव्हे, आठवड्यातून तीन दिवस. मधला पाऊण तास मात्र राखून ठेवावा तो अर्ध्या लढतीसाठी. येथे स्थिती ठरवून द्यायची: एकाच्या हाती पट आलेला आहे, दुसऱ्याने भार टाकलेला आहे, आता दोघांनी खरोखरीने लढायचे, अर्धे मिनिट, मग अदलाबदल. एकाच्या पाठीवर कब्जा आहे, खालच्याने सुटायचे, वरच्याने उलटवायचे. यात्रेतल्या त्या दोन मुलांनी हा पाऊण तास वर्षभर केला असता तर ती कुस्ती बरोबरीत सुटली नसती. यात पडण्याची उंची कमी असते, म्हणून दुखापतही कमी. आणि कुस्ती नेमकी जेथे अडते तेथेच सराव होतो.

हे करवून घेणारा मात्र जाणता हवा. पंधरा दिवसांतून एखादा रविवार तरी शेजारच्या चार-पाच गावांच्या तालमींनी एकत्र यावे, म्हणजे मुलांना अनोळखी अंगे मिळतील. द्राक्षाच्या हंगामात ते जमणार नाही हे मला ठाऊक आहे. पावसाळ्यात आणि दिवाळीनंतर जमेल. मुली आल्या तर त्यांच्या वजनाच्या दुसऱ्या मुली कोठे आहेत हेही अशा रविवारी कळेल. यात्रा समित्यांनी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या कुस्त्या लावताना इनामाच्या रकमेपेक्षा वजन आणि सरावाची वर्षे पाहावीत. ज्याच्या लढती कोणी जाणत्याने पाहिलेल्या नाहीत, त्याला मोठ्या बक्षिसासाठी मैदानात ढकलू नये. समित्यांना हे रुचणार नाही, कारण गर्दीला आडदांडांची कुस्ती आवडते. पण गुडघा गर्दीचा जात नाही.

आणि जे बाहेर गेले त्यांना हाक घालावी. सुट्टीवर घरी येणारा सैन्यातला जवान, पोलीस ठाण्यात नोकरी करणारा माजी मल्ल, जिल्ह्याच्या गावी कारकुनी करणारा आणि अजून लंगोट सांभाळून ठेवलेला गृहस्थ, असे कितीतरी जण या तालुक्यात आहेत. यांना वस्ताद व्हायला कोणी सांगत नाही. आठवड्यातून दोन सायंकाळी तालमीत येऊन पोरांना खेळवावे, एवढेच. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने यंदाच्या पावसाळ्यात हे सुरू केले. पहिल्या दिवशी बारा मुले आली. सगळ्यांनी त्याच्याशी लढायचा हट्ट धरला, आणि त्याने एकालाही पाडले नाही, म्हणून पोरे रुसली. ‘‘काका, तुम्ही खरे लढतच नाही,’’ असे त्यांचे म्हणणे. तिसऱ्या आठवड्यात त्यांतल्या एकाने वेळ साधून पट काढला, भार पडताच बाजूला सरकला आणि त्याला पाठीवर घातले. तो खरोखर पडला की पडून दिले, हे मी त्याला विचारले. त्याने अंगावरची माती झाडली आणि पुढच्या मुलाला बोलावले.